डोळे मिटून मांडलेलं घर

पडदा वर जातो. नेरूळमधल्या जुन्या इमारतीतली तळमजल्याची रिकामी खोली. मोझाइकच्या लाद्या, पोपडे धरलेला हिरवा ऑइलपेंट, भिंतीत मागच्या मालकाच्या कॅलेंडरचा खिळा. मधोमध सत्तरीची एक बाई डोळे मिटून, हात पुढे करून चालते आहे. भिंतीला थडकते, स्वतःलाच शिवी घालते आणि पुन्हा मागे जाते.

ही भागीरथी, करावे गावची. मी समोरच्या दारातली. आयुष्य नाटकात गेलं माझं. कोणी तालीम करताना दिसलं की पाय थांबतातच.

"डोळे किलकिले करतेस," मी म्हटलं.

"मंग? पडली तं हाडां तू जोडशील काय, बाय?"

तिचा नवरा शिवा. खाडीत जाळी टाकण्यात उमर गेली, मग काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. गावातल्या तीन मजली घराचे जिने दोघांना झेपेनात. ते विकून ती दोघं या दोन खोल्यांत येणार होती. उलव्याची लेक सोनल म्हणत होती, बाबांना धरायला माणूस ठेवू. भागीरथी ऐकेना.

"माझ्या काळजाचं डॉक्टरनी सांगितलंय," ती मला हळूच म्हणाली. "मी पयली जानार. परक्याच्या हाताला धरून मोरीत जावाचं, तं हा मानूस लाजेनंच मरेल. त्यान्ला एकट्याला चालता आलं पायजे."

म्हणून तिने जुन्या घरातली अंतरं जाळ्याच्या दोरीला गाठी मारून मोजून आणली होती. खाट ते मोरी, मोरी ते चूल. मी खडू आणला. तालमीत आखायचो तसं आम्ही दोघींनी जमिनीवर घर आखलं.

फर्निचरवाला मितेश आला. "मावशी, एल-शेप सोफा, फॉल्स सीलिंग, एकदम मॉडर्न करून देतो. टेन्शन नाय."

"सीलिंग कोन बगनार रं? म्हातारा?"

मितेश ओशाळला. पण पोरगा भला. खडूच्या रेघा न पुसता त्यांच्यावरच काम केलं. कपाटांचे कोपरे गोल केले, उंबरे काढले, संडासात कमोड बसवला, मोरीत दांड्या बसवल्या.

शिवा आला तो नव्या सदऱ्यात. "नाटकवाली बाय, माझी एंट्री कुठून?" सगळे हसलो. भागीरथीने त्याला खाटेवर बसवलं आणि म्हणाली, "जावा आता मोरीत. तुमचंच घर हाय."

तो उठला आणि वळला तो थेट उलट्या बाजूला. कपाळ कपाटावर आपटलं.

कळायला वेळ लागला. शिवाने आयुष्यात डावं-उजवं कधी धरलंच नव्हतं. तो खाडीचा वारा धरून चालायचा, होडीत तसाच घरात. गावच्या घरात वारा मोरीच्या अंगाने यायचा. इथे तो मोरीच्या उलट्या बाजूच्या खिडकीतून येत होता. आम्ही दोघींनी सगळं दोरीने मोजलं होतं. जन्मभर खाडीकाठी राहिलेल्या भागीरथीलाही वाऱ्याची आठवण झाली नाही. तिच्यासाठी तो कायम असायचाच.

मितेश म्हणाला, पाइपलाइन हलत नाही, मोरी तिथेच राहणार. मग खिडकीला प्लायवूड ठोकलं. वारा बंद झाला आणि शिवाही बंद झाला. दिवसदिवस खाटेवरून हलेना.

"भागे, मना डब्यात कोंडलास गं," एवढंच म्हणाला.

तिने त्याच दुपारी प्लायवूड काढायला लावलं. नंतर ती माझ्या दारात बसून बराच वेळ रडली. "एवढं मोठं घर मोडलं, बाय, आनि यान्ला बसवून ठेवलं."

पुढच्या आठवड्यांत त्यांचं दार बहुधा लोटलेलं असे. आत दोघांच्या चालण्याची चाहूल येई, तिच्या काकणांची किणकिण येई, शिवाची कुरकुर येई. मी मध्ये पडले नाही. पडायला हवं होतं की काय, ते आता कोणाला विचारू?

एका पहाटे तिच्या छातीत दुखू लागलं. दवाखान्यात सोनल औषधं आणायला खाली गेली तेव्हा उशाशी मीच होते. भागीरथीने स्वतःबद्दल काही विचारलं नाही. माझं मनगट चाचपलं, त्यातली काकणं वरखाली करून पाहिली, आणि म्हणाली,

"त्यांचा उठाचा टाइम झाला, बाय. तू घरी जा. हात धरू नको हां, लाजतान ते. नुसती पुढं चाल आनि काकनां वाजव."