साडूभाऊ आणि आयर्लंडचं चॅनेल

सिंगापूरच्या या चिमुकल्या बेटावर खरं बोलण्यापायी सर्वांत जास्त गैरसोय सोसलेला माणूस कोण, असं उद्या कुणी विचारलं, तर मी हातातला कॉफीचा कप खाली न ठेवता माझ्या साडूंकडे बोट दाखवीन. माणसांशी खरं बोलणारे लोक मी पाहिले आहेत. थोडे आहेत, पण आहेत. माझे साडू वेबसाइटशी खरं बोलतात. 'मी सर्व अटी वाचल्या आहेत' या ओळीपुढच्या चौकोनात खूण करण्याआधी ते खरोखर सर्व अटी वाचतात. एकदा आम्ही दोघं जुरोंग ईस्टच्या मॉलमध्ये सिनेमाची तिकिटं काढायला मशीनपुढे उभे होतो. मशीनने अटी दाखवल्या. आत जाहिराती संपल्या, सिनेमा सुरू झाला, आमच्या मागची रांग कंटाळून दुसऱ्या मशीनकडे गेली, आणि साडू अजून अकराव्या कलमावर होते. "सिनेमा आवडला नाही तर आमची जबाबदारी नाही, असं स्वच्छ लिहिलंय बघा," ते मला कौतुकाने म्हणाले, "सरळ लोक दिसतात."

हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना मी साडूभाऊ म्हणतो. त्यांच्या आयुष्यातली अकरा वर्षं आयर्लंडमधल्या एका लहानशा गावात गेली. तिथल्या औषधाच्या कारखान्यात ते यंत्रांची तपासणी करायचे, आणि तिथेच त्यांना हर्लिंगची बाधा झाली. हर्लिंग हा आयरिश लोकांचा प्राणप्रिय खेळ. हॉकी खेळणाऱ्या तीस माणसांना एकाएकी विटीदांडूची आठवण झाली आणि त्यांनी चेंडू हवेतच मारायचा ठरवला, की जे काही होईल ते हर्लिंग. बायकांच्या खेळाला कमोगी म्हणतात, आवेश तोच. कंपनीने साडूंची सिंगापूरला बदली केली तेव्हा सामानातून त्यांनी लाकडी हर्लिंगची काठी आणली. आता बुकित बातोकच्या त्यांच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत चेंडू खेळायला मनाई असल्याची पाटी आहे. साडूंनी पाटी नीट वाचली. चेंडू खेळायला मनाई आहे, चेंडू घेऊन चालायला नाही, असा निष्कर्ष काढला, आणि तेव्हापासून रोज सकाळी काठीच्या टोकावर चेंडू तोलत ते खांबांमधून येरझाऱ्या घालतात. एकदा गणवेशातल्या कुणीतरी त्यांना हटकलं. साडूंनी त्याला पाटीजवळ नेऊन तिचा अर्थ समजावला. तो बिचारा दहा मिनिटं ऐकून घेऊन निघून गेला, आणि जाताना "केअरफुल हां, अंकल" एवढंच म्हणाला.

खेळांच्या प्रक्षेपणाचे हक्क हा त्यांचा खास अभ्यासाचा विषय. कुठला सामना कुठल्या देशात दिसतो, कुठे झाकला जातो, हे त्यांना तोंडपाठ असतं. जगाचा नकाशा त्यांच्या डोक्यात याच हिशेबाने रंगवलेला आहे. आम्ही सुट्टीला बालीला जाणार असं माझ्या बायकोने सांगितलं, तेव्हा समुद्र, देवळं यांच्याबद्दल चकार शब्द न काढता ते म्हणाले, "तिथे इंग्लंडचं फुटबॉल दिसतं. रग्बीचं मात्र अवघड आहे." बायको म्हणाली की आम्ही रग्बी बघायला चाललेलो नाही. "नाही, पण माहीत असावं," साडू म्हणाले.

एवढा जाणकार माणूस, पण त्यांचं स्वतःचं लाडकं चॅनेल त्यांना दिसत नाही. आयरिश भाषेतलं एक चॅनेल आहे, ते गावोगावच्या क्लबांचे सामने दाखवतं, आणि इंटरनेटवर ते उघडलं की आधी विचारतं: तुम्ही आयर्लंडच्या बेटावर आहात का? साडू 'नाही' दाबतात. चॅनेल बंद होतं. दर रविवारी ते हे न चुकता करतात. आता हे विचारण्याची पद्धत आणि त्यावर तोडगा, दोन्ही अख्ख्या जगाला ठाऊक आहेत. आमच्याच घरातला टीव्ही कागदोपत्री कधी कोथरूडला राहतो, कधी लंडनला. त्याशिवाय आमच्या घरी क्रिकेटही दिसणार नाही आणि बायकोच्या मालिकाही. मी साडूंना म्हटलं, "अहो, 'हो' दाबा आणि ते व्हीपीएन टाका. दोन मिनिटांचं काम." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना दुसऱ्याच्या ताटातली पोळी उचलायला सांगतो आहे. "मी बुकित बातोकला राहतो," ते म्हणाले, "आणि मला त्याची लाज वाटत नाही."

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण यंदा त्यांची मुक्ता अंतिम सामन्यात खेळणार होती.

मुक्ता त्यांची एकुलती एक. शिकायला ती आयर्लंडमध्येच राहिली, आणि गावच्या कमोगी संघाची गोलकीपर झाली. संघ यंदा जिल्ह्याच्या अंतिम फेरीत पोचला आणि सामना त्याच चॅनेलवर थेट दाखवणार असं जाहीर झालं. साडू एका शनिवारी सकाळी माझ्याकडे आले, चहा न घेता बसले, आणि खाली बघत त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. मुक्ता दहा वर्षांची असल्यापासून ते तिच्या प्रत्येक सामन्याला जायचे. मैदानापर्यंत जायचे. सामना सुरू झाला की त्यांना पाहवायचं नाही. तो टणक चेंडू, त्या काठ्या, आणि मध्ये आपली पोर. मग ते बाहेर पार्किंगमध्ये गाडीला टेकून, मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे. आरडाओरडा थांबला की आत जायचे. घामाने चिंब झालेली मुक्ता धावत यायची आणि विचारायची, "बाबा, पाहिलंस?" आणि वेबसाइटशीही खोटं न बोलणारा हा माणूस म्हणायचा, "पाहिलं तर!" असं सात वर्षं. "एकही सामना पाहिला नाही हो मी तिचा," साडू म्हणाले. "हा एक तरी पाहायचाय. आणि चोरून नाही पाहायचा."

मी व्हीपीएनचं नाव पुन्हा काढलं नाही.

मग साडूंनी पत्रव्यवहार आरंभला. चॅनेलला ईमेल गेली: सविनय विनंती, विषय, संदर्भ, खाली मुद्दे एक ते सात. यंत्राकडून आपोआप पोच आली. साडूंनी पोचेबद्दल आभार मानणारी ईमेल पाठवली. तिचीही पोच आली. तिचेही आभार गेले. चार दिवस दोन्ही बाजूंनी असा सभ्यपणा चालल्यावर प्रेक्षक विभागातल्या ग्रॉन्या नावाच्या बाईंना कुणीतरी जागं केलं असावं, कारण पाचव्या दिवशी माणसाच्या हातची ईमेल आली. ग्रॉन्याबाईंनी सगळे करार तपासले. आयर्लंडबाहेरचे हक्क दुसऱ्या एका कंपनीकडे होते, त्या कंपनीच्या यादीत अमेरिका होती, इंग्लंड होतं, ऑस्ट्रेलिया होती, आखाती देशसुद्धा होते, पण सिंगापूर नव्हतं. ते कुणी मागितलंच नव्हतं. म्हणजे ते हक्क विकलेले नव्हते म्हणून विकत मिळत नव्हते, आणि कुणाचेच नव्हते म्हणून परवानगी द्यायलाही कुणी नव्हतं. साडू हे मला सांगताना निराश कमी आणि प्रभावित जास्त दिसत होते.

पण बाई चिकट होत्या. त्यांनी कुठून तरी एक फॉर्म शोधून काढला. परदेशातल्या रहिवाशांना एखादा सामना हॉलमध्ये एकत्र बसून बघायचा असेल तर एकवार परवानगी देण्याचा. हॉल कुठला, जबाबदार व्यक्ती कोण, आणि प्रेक्षक किती येणार. हॉल म्हणून आमच्या कॉन्डोची, म्हणजे सोसायटीची, फंक्शन रूम मी मिळवून दिली. जबाबदार व्यक्ती साडू. आणि प्रेक्षकांच्या रकान्यात साडूंनी घरच्या सत्यनारायणाला पानं मोजतात तशी माणसं मोजली. ज्याला बोलवायचं तो बायकोमुलांसह धरला, त्यावर ऐनवेळी येणारी चार धरली, आणि लिहिलं: चाळीस. परवानगी आली. तिच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की नोंदवलेल्या संख्येपेक्षा प्रेक्षक कमी असल्यास प्रक्षेपण सुरू करू नये, आधी कार्यालयाला कळवावं. अर्थातच साडूंनी ते वाचलं. आणि सामना रविवारी होता. कार्यालय रविवारी बंद.

पुढचा आठवडा साडूंनी माणसं गोळा करण्यात घालवला. आंग मो किओला राहणारं एक पुण्याचं कुटुंब, विद्यापीठात संशोधन करणारी चार पोस्टडॉक मुलं, ऑफिसातले दोन सहकारी, सगळ्यांना त्यांनी घरी जाऊन आमंत्रण दिलं. "सहकुटुंब या, लेकीचा सामना आहे," असं मुंजीला बोलवावं तसं. ज्यांनी "प्रयत्न करतो" म्हटलं त्यांना त्यांनी विचारलं, "म्हणजे हो धरू की नाही धरू? मला लिहावं लागतं." साडूंच्या बायकोने, म्हणजे माझ्या मेहुणीने, बटाटेवडे आणि शिरा करायचं कबूल केलं, ही बातमी पसरली, आणि हर्लिंगबद्दलची उत्सुकता मराठी मंडळींमध्ये झपाट्याने वाढली.

आयर्लंडमधले दुपारचे बारा म्हणजे आपले संध्याकाळचे सात. पावणेसातला फंक्शन रूममध्ये खुर्च्या मांडलेल्या, लिंक जोडलेली, वडे गरम, आणि साडू दारात हातात यादी घेऊन उभे. एकोणतीस माणसं झाली. सातला चौतीस. आतून माझी मुलगी ओरडली, "काका, मॅच ऑलरेडी स्टार्ट लाह!" साडूंनी मान हलवली: चाळीस झाल्याशिवाय नाही. मी खाली पळालो. बॅडमिंटन खेळून परतणाऱ्या एका चिनी जोडप्याला वड्याचं आमिष दाखवून आणलं. तलावात पोहणाऱ्या आमच्या शेजारच्या आंटी टॉवेल गुंडाळूनच आल्या आणि "मी दहाच मिनिटं बसेन" म्हणाल्या. पोस्टडॉक मुलांनी आपल्या दोन मित्रांना फोन करून बोलावलं. एकोणचाळीस. पुढे माणूस मिळेना. सात वाजून वीस मिनिटं झाली. साडू दारात पाठमोरे, लिफ्टकडे बघत उभे, आणि पडदा काळाच.

तेव्हा माझी मेहुणी उठली. इतक्या वर्षांत मी तिला नवऱ्यावर आवाज चढवताना पाहिलेलं नाही, त्या दिवशीही तिने चढवला नाही. ती म्हणाली, "अहो, तुम्ही स्वतःला धरलं का?"

"मी कसा? मी यजमान," साडू म्हणाले. "यजमानाचं पान कुणी धरतं का?"

"आज वाढायला मी आहे," मेहुणी म्हणाली. "चाळिसावे तुम्ही. आत या आणि पुढच्या खुर्चीत बसा."

साडूंनी यादीकडे पाहिलं, लिफ्टकडे पाहिलं. मला वाटलं, हा माणूस आता पळतो. माझ्या लक्षात आलं की दारात उभं राहणं हे त्या पार्किंगचंच सिंगापुरी रूप होतं. मेहुणीच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिने त्यांच्या हातातली यादी काढून घेतली. ते आत आले. पुढच्या खुर्चीत बसले. मी प्रक्षेपण सुरू केलं.

पडद्यावर हिरवंगार मैदान, वारा, आणि गोलमध्ये हेल्मेट घातलेली मुक्ता. पहिली पाच मिनिटं आम्हाला चेंडूच दिसला नाही. मग दिसायला लागला. आंटींची दहा मिनिटं केव्हाच उलटून गेली होती, त्या उभ्या राहून "अय्यो!" करत होत्या. उत्तरार्धात मुक्ताच्या संघाविरुद्ध पेनल्टी मिळाली. समोरच्या मुलीने चेंडू काठीवर उचलला. हॉलमधले सगळे पडद्याकडे बघत होते, आणि मी साडूंकडे. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरले होते, पण डोळे उघडे होते. फटका बसला. मुक्ता उजवीकडे झेपावली आणि चेंडू तिच्या काठीला लागून बाहेर गेला. चाळीस माणसांनी जो आवाज केला त्यावर कॉन्डोच्या ऑफिसकडून मला नंतर समज मिळाली. साडू ओरडले नाहीत. ते फक्त म्हणाले, "उजवीकडे गेली. पाहिलं मी. उजवीकडे गेली ती."

सामना एका पॉइंटने हातचा गेला. ते आमच्यातल्या निम्म्या लोकांना कळलंच नाही. ते टाळ्या वाजवत होते. अर्ध्या तासाने मुक्ताचा व्हिडिओ कॉल आला, गालाला चिखल, डोळे सुजलेले. साडूंनी फोन धरला आणि ती काही विचारायच्या आत घाईघाईने म्हणाले, "मुक्ता, आज पाहिला मी. पूर्ण पाहिला. पण बेटा, आधीचे नाही पाहिले. एकही नाही. मी पार्किंगमध्ये असायचो."

"माहितेय, बाबा," मुक्ता म्हणाली. "गोलमधून पार्किंग स्ट्रेट दिसतं. तुझी निळ्या जॅकेटमधली पाठ दिसायची. मग मला भीती नाही वाटायची."

साडूंनी चष्मा काढला. तो नुसताच हातात धरून ते बसले. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी येतो मी. आत येऊन उभा राहतो." मुक्ता हसली आणि म्हणाली की चालेल, पण तोंड इकडे करून उभा राहा. आम्ही आजूबाजूचे सगळे शिऱ्याच्या बशा गोळा करण्यात फार गर्क असल्यासारखं दाखवत होतो. मला माझ्या त्या विक्षिप्त साडूंबद्दल इतकं प्रेम दाटून आलं की त्यांना काहीतरी सांगावंसं वाटलं, पण ते फोनवर सांगत होते की पेनल्टीच्या वेळी तिचा डावा पाय थोडा उशिरा उचलला गेला, आणि ती ऐकत होती.