चौदा नावांची टॉफी

साठी उलटल्यावर, कोणी मागितलेले नसताना लिहायला बसणे हा आगाऊपणाच आहे. वाचकांनी तो पोटात घालावा. आयुष्यभर मी मुलांचे निबंध तपासले, स्वतःचा एकही लिहिला नाही. परंतु लोणावळ्यातील आमच्या शेजारच्या टॉफीमावशींविषयी जे मला एकटीलाच ठाऊक आहे, ते आता माझ्याच्याने सांभाळवत नाही.

मावशी घड्याळ न पाहता टॉफी करीत. नाताळच्या आठवडाभर आधी, दुपारची जेवणे उरकली की त्यांच्याकडे दूध, साखर आणि ओल्या नारळाचा चव कढईत शिजू लागे. मिश्रण दाटून आले की त्या आपल्या माणसांची नावे घेत. एका नावाला कलथ्याचे दहा वेढे. मुलगा सायमन, मुलगी रूथ, सून, जावई, नातवंडे, भाचे अशी तेरा नावे झाली की चौदावे माझे, आणि मग कढई खाली. ही रीत त्यांच्या सासूबाईंची. या रीतीला नियम एकच होता: नाव जिवंत माणसाचेच घ्यायचे. मावशी म्हणत, “गेलेल्यांस्नी कशाला हाका मारायच्या? त्यांस्नी तितं काय कमी हाय?”

मी ना त्यांच्या नात्याची, ना धर्माची. भिंतीपलीकडची एकटी शिक्षिका. माझे नाव आले की कढई ढवळता ढवळता मी मान खाली घाली. त्या लगेच टोकत, “लाजतीस काय नव्या नवरीवानी? हात चालीव. नाव अर्धं सोडलंस तर माणूस वाटंतच ऱ्हाईल.” हे त्या हसत म्हणत, तरी माझा हात आपोआप वेग घेई.

चार वर्षांपूर्वी नऊ नावांवरच त्यांनी कढई उतरवली. मिश्रण अजून पातळ होते.

“मावशी, अजून थोडं?”

“झाली की चौदा!” असे म्हणून त्या थाळ्याला तूप लावायला वळल्या. मी कढई पुन्हा आचेवर ठेवली आणि उरलेल्या पाच नावांचे पन्नास वेढे मुकाट्याने घातले. टॉफी सुरेख बसली. पुढल्या वर्षी नावे सात झाली. “आवंदा पोरं लवकर उरकली,” त्या म्हणाल्या. मी हसले, आणि सत्तर वेढे घातले.

सायमन दर नाताळला बंगळुरूहून येई. आईला एकटे ठेवावे की सोबत न्यावे, हा त्याच्या मनातला घोर मला दिसत असे. त्या वर्षी एक वडी तोंडात टाकून तो समाधानाने म्हणाला, “तीच चव, तसाच कडकपणा. आई ठणठणीत आहे, बाई. मी उगाच काळजी करतो.” मावशींनी माझ्याकडे पाहिले. तो गेल्यावर त्यांनी माझे मनगट धरले. “त्येला सांगू नको गं. घिऊन जाईल मला. मंग हितली चूल कोण पेटवील?”

मी शब्द दिला. तो केवळ दयेपोटी दिला, असे म्हणणे खोटे होईल. त्या सात नावांत रूथचे नव्हते, माझे होते; आणि ते मला आवडले होते.

गेल्या वर्षी नावे उरली तीन. सायमन, मी, आणि याकोब. याकोब हा मावशींचा बेगडेवाडीचा भाऊ. त्याच्या मातीला मी स्वतः गेले होते. ते नाव ऐकताच मी कलथा थांबवला.

“मावशी, याकोबभाऊ तर...”

“व्हय, त्येला बी डबा द्यायचाय. वाट बघत आसंल.”

एकशे दहा वेढे घातले. हात भरून आले, पण टॉफी बसली. मावशींनी ती एका डब्यात भरली आणि झाकण दोनदा दाबून पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दाराला कुलूप होते. त्या लोकलने बेगडेवाडीला गेल्या, नेमक्या स्टेशनवर उतरल्या, भावाच्या जागेपर्यंत बिनचूक पोहोचल्या. तिथे आता एक गोदाम आहे. वॉचमनने नंतर सांगितले, “म्हातारीनं याकोबला चार हाका मारल्या. मी म्हनलं, हितं कुनी ऱ्हात न्हाई, मावशी. तशी मागारी फिरली.” परतताना त्या स्टेशनवरच्या पुलाकडे गेल्या नाहीत. थेट रुळांत उतरल्या. गाडी त्यांना दिसली नाही, की दिसूनही ती काय आहे हे कळले नाही, कोणास ठाऊक.

डबा अलीकडच्या फलाटावर सापडला, झाकण घट्ट बसलेले. मातीहून आल्यावर सायमनने तो उघडला, एक वडी मोडली. ती कटकन मोडली.

“बघा बाई, किती नीट झालीय,” तो म्हणाला. “आईला काही होत असतं, तर हिच्यावरून कळलं नसतं का मला?”

मी त्याला उत्तर दिले नाही. अजून दिलेले नाही. म्हणून तुम्हाला विचारते: ती टॉफी मी बिघडू द्यायला हवी होती का?