मेतकुटाच्या डब्यातलं चूर्ण

त्या शनिवारी सकाळी बायकोने वरणभात खाल्ला. दुपारी मी डब्यातलं चूर्ण संडासात ओतलं आणि फ्लश ओढला. रविवारपासून तिने जेवण सोडलं.

आम्ही तेव्हा दुबईत राहत होतो, ऊद मेथाला. मी एका भारतीय शाळेत ग्रंथपाल होतो. आमची मुलगी त्याच शाळेत सहावीत होती. बायकोच्या पोटातल्या कर्करोगाचं ऑपरेशन मुंबईत झालं होतं आणि पुढची औषधं दुबईत चालू होती. मधले तीन आठवडे ती सांगलीला थोरल्या बहिणीकडे राहिली. तिथल्या वैद्यांनी तिला एक चूर्ण दिलं. जायफळ, साखर आणि भांग, असं त्यांनी सरळ सांगितलं. भांग धुऊन, तुपात परतून घेतलेली. जेवणाआधी एक चिमूट. तिसऱ्या दिवशी तिने भाकरी मागितली, असं बहिणीने फोनवर रडत रडत सांगितलं.

उरलेली पुडी सांगलीतच ठेवून ये, असं मी तिला बजावलं होतं. दुबईत खसखससुद्धा चालत नसे. आमच्याकडे दिवाळीचे अनारसे तिळावर थापत. भांग तर लांबच राहिली. नुसती रक्तात सापडली तरी तुरुंग, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती हात हलवत परत आली आणि आठवड्याभरात तिचं अन्न पुन्हा तुटलं.

सुट्टीवरून परतणाऱ्या माणसाबरोबर एकमेकांच्या घरची पार्सलं यायची, तशी आमची रीतच होती. रास अल खोरच्या एका गॅरेजात काम करणारा रत्नागिरीकडचा एक वेल्डर आमचं पार्सल घेऊन आला. दारातच हसत म्हणाला, "वहिनी, तुमच्या मेतकुटाने माझी बॅग बाटवली! कस्टमवाला डबा उघडून विचारतो, शू हादा? मी म्हटलं, हबीबी, फूड! राइस, राइस! त्याने नाक मुरडलं, म्हणाला, यल्ला, जा."

बायको हसली. मीही हसलो. त्याला चहा दिला, चकल्या दिल्या.

संध्याकाळी मेव्हणीचा फोन आला. "भावोजी, पार्सल पोचलं ना? त्यातलं मेतकूट भातावर घालू नका हं."

मी डबा उघडून हुंगला. आत सांगलीचं चूर्ण होतं. दोन मुलं गावी असलेल्या त्या माणसाने आपण काय आणतोय हे माहीत नसताना तो डबा विमानतळावर उघडू दिला होता. त्याला मी ते कधीच सांगितलं नाही.

तेव्हाच डबा रिकामा करायला हवा होता. पण बायको म्हणाली, "अहो, आता आलंच आहे तर." तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी डबा पुस्तकांच्या मागे ठेवला.

मग मी वाचायला बसलो. मला दुसरं काही येत नाही. शाळेतला विश्वकोश वाचला, वडिलांचं जुनं वैद्यकाचं पुस्तक काढलं. पाला सौम्य, कळी त्याहून कडक, चीक सगळ्यांत कडक. शिवाय झाड कुठलं, तोडलं कधी, किती वेळा धुतलं, यावरही जोर ठरतो. एवढं वाचूनही आमच्या डब्यात काय होतं ते कळेना. करड्या-हिरव्या रंगाची पूड होती आणि जायफळाचा वास होता.

एका दुपारी कॉलिंग कार्ड घेऊन वैद्यांना फोन लावला. चूर्णाचं नाव न घेता विचारलं, "मागच्यासारखंच आहे का?"

"मागचा माल जुना होता, हा यंदाचा. जरा तेज असेल. बेताने घ्या."

"म्हणजे किती?"

"चिमूटभर."

"कोणाची चिमूट?"

त्यांना तो विनोद वाटला. मोठ्याने हसले आणि म्हणाले, "रोग्याची!"

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तिने साडेअकराला अर्धी चिमूट घेतली. बारापर्यंत काही झालं नाही. "हे तसलं नाही वाटतं," ती म्हणाली आणि तिने आणखी एक चिमूट घेतली. मीच तूप कोमट करून दिलं. पोटातून घेतलेलं चढायला दीड-दोन तास लागतात, हे मी वाचलं होतं की नव्हतं, ते आजही नीट आठवत नाही. बहुधा वाचलं होतं.

दीडनंतर तिला पंख्याची भीती वाटू लागली. जीभ जड झाली. माझा हात धरून ती एकच विचारत राहिली, "आपण कुठे आहोत?" मुलगी दारात येऊन उभी राहिली. "बाबा, व्हॉट डिड शी टेक? कॉल द अॅम्ब्युलन्स!"

मी फोन केला नाही. मुलीला नुसतं औषध जास्त झालंय असं सांगितलं. तिच्या आईचे पाय चेपत आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत बसून राहिलो.

शनिवारी सकाळी ती शांत उठली. मोहरीएवढं चूर्ण नखावर घेऊन मला दाखवत म्हणाली, "इतकंच हवं होतं. आता कळलं." मग पाऊण तासाने, सव्वा तासाने असेल, वाटीभर वरणभात खाल्ला आणि वर लिंबाची फोड चोखली. हा त्या नखावरच्या चूर्णाचा गुण होता की आदल्या दिवशीचं उरलेलं काम करत होतं? की त्या सकाळी तिला नुसतीच भूक लागली होती?

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मुलीच्या वर्गशिक्षिका ग्रंथालयात आल्या. काळजीने म्हणाल्या, "सर, मॅडम कैसी हैं? बेटी बोल रही थी, कोई पाउडर खाके कुछ हो गया." मी घरगुती पाचक, असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी आणखी कोणाला सांगितलं असेल? स्टाफरूममध्ये? मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेलो आणि डबा संडासात रिकामा केला.

"सगळं?" बायकोने विचारलं.

"सगळं."

"थोडं ठेवायचं होतं." ती एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

त्या शिक्षिकेने पुढे कधी विषय काढला नाही. कोणीच विचारायला आलं नाही. अकरा आठवड्यांनी बायको गेली. डॉक्टर म्हणाले, शेवटी आजारच असा असतो, भूक मरते. ते खरं असेल. डबा राहिला असता तर ती आणखी किती जेवली असती, की एखाद्या दिवशी पुन्हा चूक झाली असती आणि आम्ही तिघं पोलिसांच्या दारात उभे राहिलो असतो, हे मी अनेकदा मांडून पाहिलं आहे. प्रत्येक वेळी उत्तर वेगळं येतं.

मुलगी आता स्वतः आई आहे. आईने जेवण आपणहून सोडलं, असं तिला वाटतं. शाळेत ती काय बोलली, ते तिच्या लक्षातही नाही. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.