पुढं गेलेली तारीख
मोहफुलं वाळत घातल्याचा वास आला की ती दुपार आठवते. माझ्या मुलीला आणि शेजारच्या गावातल्या एकीच्या मुलाला स्नायू झिजवणारा तोच दुर्मिळ आजार होता. नव्या औषधाच्या चाचणीत मुलांना घ्यावं म्हणून आम्ही दोघी मिळून भांडत होतो. नावं नोंदवायला नागपूरच्या दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला, "तारीख पुढं गेली वो, येऊ नको." मी निवांत अंगणात फुलं पसरत बसले. चार दिवसांनी कळलं, तिनं एकटीनं जाऊन मुलाचं नाव लावलं होतं. आमच्या इकडच्या गोरेगावच्या बाजारात मी तिला अडवलं, "काऊन खोटं बोलली?" ती खाली बघत म्हणाली, "एकच जागा होती ना वो." माझी मुलगी गेली. आता अशा आजारी मुलांच्या आयांना चाचणीच्या तारखा मीच कळवते, पण तिच्या मुलाची चौकशी अजून माझ्याच्यानं होत नाही.