मासळीच्या पाण्यावर वाढलेली झाडं

आमच्या घरामागे गांजाची झाडं होती. हे वाक्य लिहिताना अजूनही हात थांबतो, कारण चंद्रपूरच्या कॉलेजात मी ते कधी कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या खोलीत राहणारी मुलगी घुग्घुसची आहे. ती घरच्या गोष्टी सांगते, वडिलांच्या खाणीतल्या पाळ्या, कपड्यांवर बसणारी काळी धूळ. मीही सांगते, तलावाच्या, मासळीच्या. झाडांपाशी आलं की मी विषय बदलते. आमच्या वर्गातला एक मुलगा ते पान छापलेला टी-शर्ट घालून येतो. सगळे हसतात. त्याला कोणी काही विचारत नाही.

गावात त्याला कोणी गांजा म्हणत नसे. 'झाड' म्हणायचे, फार तर 'बुटी'. वांग्या-मिरचीच्या वाफ्यात एखादं असायचंच. बैलाचं पोट फुगलं की पाला लागे, भजनाला बसणाऱ्यांना चिलमीपुरता लागे, आणि आमच्यासारख्या तलावावर जगणाऱ्यांना हिवाळ्यात. पौषातल्या सकाळी छातीभर पाण्यात उतरायचं असतं. उतरण्याआधी दोघांत एक चिलीम फिरायची. दोघांत, कारण ओढायचं जाळं एकट्याने ओढता येत नाही. एक टोक एकाच्या हातात, दुसरं दुसऱ्याच्या, आणि खालचा दोर चिखलाला घासत दोघांनी सारख्या पावलांनी काठाकडे यायचं. बाबांचे जोडीदार आमच्या शेजारचेच. मी त्यांना काकाजी म्हणते. माझ्या जन्माआधीपासून दोघं एकच जाळं ओढत आले. दोन घरांच्या मध्ये फक्त बेशरमाच्या झुडपांचं कुंपण.

बाबा झाडांची फार निगा राखत. आई मासळी धुवायची ते पाणी ते घमेल्यात साठवत. खवले, आतडी वेगळी काढून झाडाच्या बुडाशी पुरत. भाताची पेज उरली तर थंड करून घालत. चहाआधी ते तिकडे जात आणि एकेक पान उलटं करून खालून बोट फिरवत, किडीची अंडी आहेत का बघायला. वाऱ्यानं खोड वाकलं तर बांबूची कमची रोवून सुतळीनं सैल बांधत. म्हणत, "गळा नाई आवळला पाहिजे." मी तापाने पडले असताना त्यांनी माझ्या कपाळाला इतक्यांदा हात लावला नसेल. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. ते हसले.

"तू आपली आपण वाढतेस. याले पाहावं लागते."

बाकीचे लोक आपलं झाड तुरीच्या आड ठेवत, शेंडा खुडत, फार वाढू देत नसत. बाबांना ते जमत नसे. त्यांच्या हातून झाड उपाशी ठेवणं होत नसे. मासळीच्या पाण्यावर आमची झाडं कुंपणाच्या वर गेली. रस्त्याने जाणाऱ्याला शेंडे दिसत.

आई म्हणायची, "एवढं काऊन पाजता त्याले? आता काय छपरावर चढवता?"

"भुकं राहून वाढलेलं झाड काय कामाचं?"

काकाजी कुंपणापलीकडून टोमणा मारत. "भाऊ, माह्यं झाड तुह्या झाडाले पाहून लाजते. चांगल्या मासोळ्या त्याले चारतेस अन् आम्हाले काटे."

"तुह्या झाडाले म्हणा, इकडं येऊन जेवत जाजो."

दोघं हसत. बाबांनी ते कधी विकलं नाही. मागायला येईल त्याला मूठभर देत. हे सांगून आता कोणावर काही परिणाम होत नाही, तरी मी सांगते.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. बाबा मासळी घेऊन बाजाराला गेले होते, आई धान कापायला. मी छपरीत पुस्तक घेऊन बसले होते. तालुक्याहून पोलिसांची जीप निघाली आहे, असं कोणीतरी गल्लीतून ओरडत गेलं. थोड्याच वेळात घरामागे धप्पकन आवाज झाला. मागच्या वाडीत जाऊन पाहिलं तर मुळांसकट उपटलेलं एक झाड आमच्या वाफ्यात पडलं होतं. ओली माती लागलेली. मग दुसरं पडलं. कुंपणापलीकडे काकाजी उभे होते.

"बाई, घाबरू नको. इथी राहू दे थोडा वेळ."

"काकाजी, इथे काऊन टाकता?"

"तुमचं तर दिसूनच राह्यलं. ते काही लपत नाई. दोन झाडं सापडली काय न दहा सापडली काय, गुन्हा एकच. जीप गेली की घेऊन जातो मी."

शेळ्या थोडा वेळ बघ म्हणावं, तसं ते म्हणाले. आणि खरं सांगायचं तर त्यांना ते तसंच वाटत होतं, असं मला अजूनही वाटतं. त्यांचं पाहून मागच्या गल्लीतूनही झाडं येऊन पडू लागली. कोणाचे हात होते ते मला दिसले नाहीत, फक्त झाडं हवेतून येताना दिसली. गावाने ठरवून केलं नव्हतं. एकाला जे सुचलं ते सगळ्यांना पटलं. मी दोन झाडं उचलून परत टाकायला कुंपणाकडे गेले, तोवर जीप दारात आली.

मातीत उभं असलेलं झाड आणि उपटून आणलेलं झाड यांत फरक असतो. तो कोणी विचारला नाही. सगळ्याचा एक ढीग केला. साहेबांचा काटा चालेना, म्हणून आमचाच तराजू मागितला, बाबांचा मासळीचा. पारड्याला खवले चिकटलेले होते. मुळांसकट, मातीसकट वजन झालं. पंच म्हणून दोन माणसं हवी होती, ती गर्दीतून बोलावली. त्यातले एक काकाजी. तराजू त्यांनीच धरला.

वजन चालू असतानाच बाबा रिकामी टोपली घेऊन आले. साहेबांनी विचारलं, "हे सगळं तुझं?"

बाबांनी ढिगाकडे पाहिलं. स्वतःचं प्रत्येक पान ते ओळखत होते. मग त्यांनी तराजू धरलेल्या माणसाकडे पाहिलं.

"हो साहेब. माह्यंच हाय."

"साहेब, हे सगळं आमचं नाही," मी म्हणाले.

"पोरी," बाबा म्हणाले, "पाणी आण साहेबायले."

मी पाणी आणलं. परत आले तेव्हा कागदावर सह्या चालू होत्या.

बाबा बरेच महिने आत होते, मग जामिनावर सुटले. वकील चंद्रपूरचा, चांगला माणूस. त्याने मला समजेल असं सांगितलं. उभी झाडं तुमची, ते नाकारता येणार नाही. पण ढिगातली बाकीची दुसऱ्यांनी आणून टाकली एवढं पंचाने कोर्टात कबूल केलं, तर शिक्षेत फार फरक पडेल. मुलीच्या शब्दाला वजन नाही. पंचाच्या आहे. कोणी टाकली ते बाबांनी वकिलाला सांगितलं नाही. मी सांगायला लागले तर त्यांनी मला खोलीबाहेर पाठवलं.

"तुम्ही काकाजींना एकदा बोला तरी," मी घरी म्हणाले.

"काऊन बोलू? त्याले माहीत नाई काय? सांगाचं असन तर तोच सांगन."

बाबांचा त्यावर विश्वास होता. साक्षीच्या दिवसापर्यंत दोघं रोज जाळं ओढत होते, मासळी वाटून घेत होते. झाडांचा विषय निघत नसे. घरामागच्या वाफ्यात आईने मेथी पेरली होती. मासळीचं पाणी आता गटारात जायचं.

साक्षीला जायला सकाळची एकच बस. आरोपी आणि साक्षीदार एकाच बसमध्ये. बाबा आधी चढले आणि त्यांनी काकाजींसाठी खिडकीजवळ दुपट्टा टाकून जागा धरली. मी मागच्या बाकावर बसले. दोघं रस्ताभर तलावात वाढलेल्या जलपर्णीबद्दल बोलत होते. मूल गावाच्या पुढे बाबांना झोप लागली, त्यांचं डोकं काकाजींच्या खांद्यावर गेलं, आणि काकाजी खांदा न हलवता बसून राहिले. ते पाहून मलाही वाटलं, सांगतील. आज नक्की सांगतील.

कोर्टात काकाजी साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. आमच्या वकिलाने विचारलं, जीप येण्याआधी त्या घरामागे दुसरं कोणी झाडं टाकत होतं का?

"नाई साहेब."

"उपटलेली झाडं कुठून आली मग?"

"त्यायच्याच वाडीतली असन."

"तुमचं घर शेजारी. तुम्ही काहीच पाहिलं नाही?"

"मले माहीत नाई."

वकिलाने आवाज चढवला. पुन्हा विचारलं. काकाजींनी पुन्हा तेच सांगितलं, आणि दर वेळी आधीपेक्षा स्पष्ट सांगितलं. बाबा खाली पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बाजारात मासळी न विकता परत आणावी लागली की त्यांचा जसा चेहरा होतो, तसा होता.

परतीच्या बसमध्ये काकाजी माझ्या शेजारी येऊन बसले. घाम पुसत म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या. त्या वकिलाले सांगा ना, मानसाले असं खेकसून विचारते काय? माह्यं तर काळीज फाटलं."

मी फार बोलणारी मुलगी नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करायला मला वेळ लागतो. पण तेव्हा मी उभी राहिले आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काकाजी, त्या दिवशी आमच्या वाडीत पहिलं झाड कोणी टाकलं?"

बसमध्ये आमच्या गावची बरीच माणसं होती. सगळी खिडकीबाहेर पाहू लागली. मागच्या गल्लीतली माणसंही त्यात होती.

"बस खाली," बाबा म्हणाले.

"मी फक्त विचारलं."

"बस म्हटलं न तुले."

काकाजी उठून ड्रायव्हरजवळ जाऊन उभे राहिले, गाव येईपर्यंत. उतरताना त्यांनी मागे पाहिलं नाही. घरी आईने माझ्यासमोर ताट ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "तू दोन दिवसांनी जाशीन चंद्रपूरले. आम्हाले इथीच राहाचं हाय." गावात आमच्याशी कोणी भांडलं नाही. फक्त संध्याकाळी मासळी घ्यायला कोणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा जाळं खांद्यावर घेऊन तलावाच्या पाळीवर गेले. मी मागोमाग गेले. ते नेहमीच्या जागी बसले. सूर्य चांगला वर आला. काकाजी आले नाहीत. मी चप्पल काढली आणि जाळ्याचं दुसरं टोक उचललं.

"तुह्यानं नाई होणार."

"सांगा तर कसं धरायचं ते."

त्यांनी सांगितलं. मी कमरेपर्यंत पाण्यात गेले. चिखलात पाय रुतले, खालचा दोर माझ्या बाजूने उचलला गेला, आणि मासळी त्याखालून निघून जाताना माझ्या पायांना लागली. काठावर जाळं आलं तेव्हा त्यात शेवाळ आणि थोडी बारीक मासळी होती. बाबांनी ती परत पाण्यात सोडली. जाळ्याची घडी घालायला बसले.

"तू नसती बोलली तर तो आला असता," ते म्हणाले.

"आणि तुम्ही जेलात गेला असता."

ते दोरात अडकलेलं शेवाळ काढत राहिले.

"ते तर आताबी जाईन," ते म्हणाले. "पन तोवर जाळं तर ओढलं असतं."