आत्याबाईंना पटलेली मारामारी

लग्नानंतरच्या पहिल्याच पिच्चरला मी सासूबाईंचे डोळे झाकले होते. पडद्यावर गुंडानं हिरोला ठोसा लगावला, आणि थोरामोठ्यांना हे सोसायचं नाही म्हणून मी, बी.ए. झालेली शहाणी सून, चटकन त्यांच्या डोळ्यांवर तळहात ठेवला. त्या तेव्हा जेमतेम पंचेचाळिशीच्या! त्यांनी माझं मनगट असं खाली दाबलं, की दोन बांगड्या फुटल्या.

"हात काढ गं! याच्यासाठीच तर तिकीट काढलंय."

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. या आत्याबाई गाणं लागलं की डबा उघडून दशमी खायच्या, मारामारी लागली की डबा बंद. मी पदराआड मुसमुसत विरहगीतं ऐकणारी. त्या शेंगदाणे पुढं करून म्हणायच्या, "खा. रडून भूक लागली असंल."

हिरोनं आधी मार खाल्लाच पाहिजे, हा त्यांचा कायदा. "ज्याला लागतच नाय, त्याचं कवतिक कशाला?" एकटा हिरो वीस जणांना लोळवायला लागला की त्या भर थेटरात विचारायच्या, "बाकीचे एकोणीस काय राशनच्या रांगेत हुबे हायेत?" पुढच्या रांगांतली पोरं शिट्ट्या वाजवायची आणि मी लाजून खुर्चीत खाली सरकायची. आता वाटतं, तेव्हा मीही एक शिट्टी मारायला हवी होती.

एकदा सगळं थेटर नाचत होतं आणि आत्याबाई तोंड पाडून बसलेल्या. घरी येताना म्हणाल्या, "एवढं मारलं, पण कशापायी? कुणाची जमीन घेतली व्हती, का कुणाच्या लेकीला हात लावला व्हता? उगंच मडक्यांची नासाडी." माझ्या बी.ए.ला हे सुचलं नव्हतं.

पंच्याऐंशी ओलांडल्यावर त्या न्हाणीत पडल्या. हाड वाचलं, पण आमच्या यांनी फर्मान काढलं: थेटर बंद. घरात भिंतीएवढा टीव्ही आणला. आत्याबाईंनी तो एक दिवस पाहिला आणि पाठ फिरवून निजल्या. "याच्यातला ठोसा छातीत वाजत नाय," एवढंच म्हणाल्या. मग बोलणंच कमी झालं. दशमीही अर्धी राहू लागली.

एका दुपारी मी त्यांना नवं लुगडं नेसवलं आणि गारखेड्याच्या नाक्यावरून रिक्षा बोलावली. हे दारात आडवे. "तुला वय झालं तरी अक्कल आली नाही!" मी दशमीचा डबा पिशवीत टाकला. "आई माझी आहे, तुझी नाही!" मी आत्याबाईंच्या पायात चपला सरकवल्या. "तिला काही झालं तर?"

आत्याबाई माझ्या खांद्याला धरून उभ्या होत्या.

मी म्हणाले, "घरात रोज थोडं थोडं काहीतरी होतंयच त्यांना. तुम्हाला दिसत नाही. सरका."

उभ्या संसारात यांना मी पहिल्यांदा 'सरका' म्हटलं. हे सरकले. मी आत्याबाईंना बाहेर काढलं आणि दार धाडकन आपटलं.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही एकही मारामारी सोडली नाही. मग त्या गेल्या, झोपेत, कुणालाही पहिला ठोसा मारू न देता. पण त्या दुपारी रिक्षात माझे डोळे वाहत होते. आत्याबाईंनी माझ्याकडं नीट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या,

"फायटिंग झ्याक केलीस, सुनबाई. पण दार कशाला आपटलंस? हरलेला आपटतो दार. जिकलेल्यानं हळू लावावं."