दादीसांची मोटार

जुन्या मोटारीत माणसांपेक्षा किस्सेच अधिक बसतात, आणि एकदा बसले की उतरायचे नाव घेत नाहीत. आमच्या मोटारीचे किस्से जयपुरातल्या दहा-बारा मराठी घरांत इतके फिरले आहेत, की त्या वेळी आपणही मागच्या सीटवर होतो असे आता ज्याला त्याला वाटते. शेजारच्या दामल्यांकडे तर ते तिखटमीठ लावून सांगितले जातात. मी जुनी मॅट्रिक. घडले तसे सांगते.

*

मोटार अमेरिकन, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली. समोर भोपळ्याएवढे दोन दिवे, चाकांना लाकडी आरे, दोन्ही अंगांना पाय ठेवण्यासाठी लांबलचक फळी. आमचे हे विमा कचेरीत अधिकारी. बदली होऊन जयपुरास आलो आणि वर्षाच्या आत बस्सीजवळच्या एका ठाकुरांच्या तबेल्यात ह्यांना ती दिसली. टपावर कडब्याच्या पेंढ्या होत्या. मागच्या खिडक्यांना मखमली पडदे होते, कारण ठाकुरांच्या आजी तीतून देवदर्शनास जात असत. पुढे जहागीर गेली, ड्रायव्हर गेला, आणि आजीही गेल्या.

ठाकुरांनी मोटार दिली ती एकाच अटीवर. म्हणाले, "साहब, दादीसा की गाड़ी हैं. इन्हें 'तू' मत कहिएगा."

त्या दिवसापासून हे मोटारीला 'अहो' म्हणू लागले. मला मात्र आजतागायत 'अगं'च!

*

थंडीत पुढून लोखंडी हँडल फिरवल्याशिवाय ती सुरू होत नसे. शेजारचे दामले कॉलेजात गणित शिकवीत. हँडल फिरवणे हा जोराचा नसून कोनाचा प्रश्न आहे, हे त्यांनी ह्यांना आकृती काढून पटवले, आणि एका रविवारी सकाळी स्वतःच बाह्या सरसावल्या. कोन बरोबर असावा. इंजिनाने उलट झटका दिला आणि हँडल त्यांच्या मनगटावर बसले. पुढे महिनाभर ते फळ्यावर डाव्या हाताने लिहीत होते.

त्यांच्या पत्नी सुमतीबाईंकडे मी प्रकृतीची चौकशी केली, तेव्हा त्या म्हणाल्या, "मनगट दुखतंय. पण मुलं म्हणतात, सरांचं अक्षर आता लागतं."

*

पुढच्या आणि मागच्या सीटच्या मध्ये काच होती. मागे बसणाऱ्या बाईसाहेबांना ड्रायव्हरला हुकूम देता यावेत म्हणून एक रबरी नळी मागून पुढे नेलेली होती. तिच्या मागच्या टोकाला कर्ण्यासारखे तोंड होते.

एकदा आम्ही सांगानेरास निघालो. हे आणि दामले पुढे, सुमतीबाई आणि मी मागे. काच लावलेली पाहून सुमतीबाई मनमोकळेपणाने बोलू लागल्या. दामल्यांचे घोरणे झाले, त्यांचा विसरभोळेपणा झाला, आणि लग्नाला अवघे चार दिवस झाले असता त्यांनी आमटीला नावे ठेवली होती, तेही झाले. नळीचे तोंड सुमतीबाईंच्या मांडीवर होते, ह्याकडे दोघींचेही लक्ष नव्हते.

सांगानेर दिसू लागले, तेव्हा नळीतून अगदी शांत आवाज आला, "घोरतो ते कबूल. आमटीचं आई म्हणाली होती."

परत येताना सुमतीबाई नळीपासून हातभर दूर बसल्या. मीही नळी हातरुमालाने बांधून ठेवली होती.

*

बाहेरच्या फळीचा उपयोग आमच्यापेक्षा गावालाच अधिक झाला. अजमेरी गेटपाशी मोटार जरा मंदावली, तोच एक फेटेवाले वृद्ध गृहस्थ बगलेत बकरीचे करडू घेऊन माझ्या बाजूच्या फळीवर चढले आणि खिडकीला धरून उभे राहिले. मी त्यांना उतरण्यास सांगितले.

ते सौजन्याने म्हणाले, "चलती गाड़ी से कैसे उतरूँ, बाईसा? रुकवाओ तो उतरूँ."

मी ह्यांना थांबण्यास सांगितले. ह्यांचे म्हणणे, एकदा थांबल्या तर पुन्हा निघायच्या नाहीत. दोघांचेही म्हणणे रास्त होते. त्यामुळे ते गृहस्थ आमच्या घरापर्यंत आले, चहा प्याले, आणि करडाने माझी तुळस खाल्ली.

*

आता मुख्य अडचण सांगते. मोटारीचे चालवायचे चाक डावीकडे होते. आपल्याकडे उजवीकडे वळायचे असेल तर उजवा हात बाहेर काढून दाखवावा लागतो. ह्यांचा उजवा हात मोटारीच्या मधोमध, तो कोणाला दिसणार? तेव्हा उजव्या खिडकीशी मी बसायचे आणि हात मी काढायचा, असे ठरले.

एखादे काम अंगावर घेतले की ते नीट करावे, अशी मला सवय आहे. नियमांची पुस्तिका आणवून मी ती वाचली. हात खांद्याच्या रेषेत, कोपर ताठ, बोटे जुळलेली, तळवा पुढे. हे नुसते "उजवीकडे" म्हणत आणि माझा हात बाहेर जाई. रिक्षावाले, उंटगाडीवाले सारे मानत. एकदा मात्र चौडा रास्ता नावाच्या बाजारात दुकानाच्या पायरीवर सुमतीबाई दिसल्या म्हणून मी सहज हात हलवला, तर मागचे दोन टांगे आणि एक सायकलस्वार जागच्या जागी थांबले.

टांगेवाला ह्यांना म्हणाला, "साहब, पहले घर में तय कर लो कि मुड़ना किधर है."

*

हे असे तीन वर्षे चालले. मग मोटारीची कागदपत्रे पुन्हा करून घेण्याची वेळ आली. नवे इन्स्पेक्टर काटेकोर होते, आणि मला ते प्रथमदर्शनीच आवडले. डाव्या चाकाच्या मोटारीला इशारा देणारे यंत्र हवे, असा कायदा त्यांनी उघडून दाखवला. ह्यांनी माझ्याकडे बोट केले आणि आजवर एकही चूक झालेली नाही, असे सांगितले.

इन्स्पेक्टरांनी मला आदराने नमस्कार केला. "होगा, साहब. पर कानून में यंत्र लिखा है. पत्नी यंत्र में नहीं आती."

पंधरा दिवसांची मुदत मिळाली. तेवढ्यात यंत्र बसले नाही, तर मोटार रस्त्यावर आणायची नाही. हे घरी आले आणि न जेवता मोटारीत जाऊन बसले. इतक्यात कुठून वास लागला कोण जाणे, एक भंगारवाला येऊन तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून गेला. ह्या मोटारीच्या नावाने मी तीन वर्षे कुरकुर केली होती. पण त्या भंगारवाल्याने बॉनेटवर टिचकी मारून पाहिली, ते मला मुळीच सहन झाले नाही.

बाजारात तसले यंत्र मिळेना. अखेर ह्यांनी लाकडी हात करवून घेण्याचे ठरवले. जयपुरात हात उत्तम कोण करतो? मूर्तिकार! रामकिशनजी नावाचे वयोवृद्ध कारागीर होते. मी त्यांना पुस्तिकेतले वर्णन शब्दशः लिहून दिले: कोपर ताठ, बोटे जुळलेली, तळवा पुढे.

मुदतीच्या आदल्या संध्याकाळी हात आला. कोपर ताठ होते, बोटे जुळलेली होती, तळवा पुढे होता. शिवाय तळव्याच्या मध्यभागी कमळ होते, बोटांची टोके आळत्याने रंगवल्यासारखी तांबडी होती आणि मनगटात सोनेरी कंकणे होती.

मी म्हटले, "रामकिशनजी, हा वळण्याचा हात नाही. हा देवीने वर देण्याचा आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाईसा, पचास बरस से बना रहा हूँ. हाथ ऐसा ही होता है."

दुसरा करायला वेळ नव्हता. ह्यांनी तो रात्रीतून उजव्या दाराला बिजागरीने बसवला आणि तार आपल्या चाकापाशी नेली. सकाळी इन्स्पेक्टरांच्या कचेरीकडे जाताना पहिल्याच वळणावर तार ओढली. हात संथपणे वर आला. मागचा उंटगाडीवाला थांबला, फेटा सावरून त्याने हात जोडले. पुढच्या वळणावर दोन भाजीवाल्या थांबल्या, आणि एकीने मोटारीवर झेंडूचे फूल टाकले. हे खुशीत होते. कायद्याची थट्टा मांडली म्हणून इन्स्पेक्टर आता मोटार कायमची बंद करणार, अशी माझी मात्र खात्री झाली.

इन्स्पेक्टर मैदानात वही घेऊन उभे होते. "दाहिने," ते म्हणाले.

ह्यांनी तार ओढली. हात वर आला.

इन्स्पेक्टर जवळ आले. मग त्यांनी बिजागरी हलवून पाहिली, तार ताणून पाहिली, टेप काढून लांबी मोजली आणि ती वहीत लिहिली. कायद्याचे पान पुन्हा एकदा वाचले. कागदावर सही केली, शिक्का मारला आणि कागद खिडकीतून माझ्या हाती दिला.

नंतर त्यांनी मागे कचेरीकडे वळून पाहिले. कोणी नव्हते. टोपी काढून ते माझ्या दाराशी आले आणि हळूच म्हणाले,

"साहब, एक बार और निकालिए. सोमवार को बिटिया का मैट्रिक का पर्चा है."